साक्ष, संकलक आणि अविश्वसनीय निवेदक

वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने १९६१ मध्ये ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा रूढ केली. कृतीतून सूचित होणाऱ्या लेखकाच्या मूल्यदृष्टीशी ज्याचे कथन जुळत नाही, तो निवेदक अविश्वसनीय, असा तिचा मूळ आशय. पुढे मात्र तिचा अर्थ संकोचला आणि वेडा किंवा लबाड निवेदक एवढ्यापुरतीच ती वापरली जाऊ लागली. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या विश्वव्यापी भयाच्या कथा याच अर्थाने उदाहरणादाखल दिल्या जातात. हे वाचन अपुरे आहे. या कथांतील खरा प्रश्न निवेदकाच्या मनःस्वास्थ्याचा नसून साक्षी गोळा करण्याच्या पद्धतीचा आहे.

‘द कॉल ऑफ क्थुल्हू’ (१९२८) या कथेचा निवेदक थर्स्टन याने भयवस्तू स्वतः पाहिलेलीच नाही. मृत आजेचुलत्याची कागदपत्रे, एका शिल्पकाराची स्वप्ने, एका पोलीस निरीक्षकाची हकीकत आणि एका नॉर्वेजियन खलाशाचे हस्तलिखित एवढे त्याचे साहित्य. परस्परांना अपरिचित असलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, यातून भय उपजते. परंतु आजेचुलत्याने जमवलेली मूळ पत्रे उरलेली नाहीत. त्याची टिपणेच उपलब्ध आहेत. संकलकाने आपल्याला हवी ती उत्तरे मिळतील असे प्रश्न विचारले असावेत, अशी शंका थर्स्टनला प्रथम येते. तीच शंका त्याच्या स्वतःच्या संकलनालाही लागू पडते, हे मात्र त्याला सुचत नाही. खलाशी मरण पावलेला, आजेचुलता मरण पावलेला आणि कथेच्या उपशीर्षकानुसार थर्स्टनही दिवंगत. उलटतपासणीची वाट अशी बंद झालेली आहे. निवेदकाची अविश्वसनीयता या बंद वाटेत आहे, त्याच्या चित्तभ्रमात नव्हे.

हे स्पष्ट होण्यासाठी दुसऱ्या एका संकलकाकडे वळणे उपयुक्त ठरेल. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांचे संकलनही त्यांचेच. येथे तुलना आराध्य आणि भयवस्तू यांची नाही. ती साक्षीच्या मांडणीची आहे. तथापि एक साम्य नजरेआड करता येत नाही. श्रीगोविंदप्रभूंचे वर्तन लौकिक बुद्धीला उमगणारे नव्हते. ते वाटेल त्या घरी जात, जातीचे निर्बंध जुमानत नसत, आणि पाहणाऱ्यांना त्यांत वेडच दिसे. मानवी आकलनापलीकडील अस्तित्वाशी गाठ पडली की लव्हक्राफ्टच्या कथेत वेडाचे सावट पाहणाऱ्यावर पडते. ऋद्धपुरात वेडाचा आभास दृश्यात राहतो आणि पाहणाऱ्याची नोंद मात्र शांत, तपशीलवार व निःशंक असते.

या निःशंकतेचा आधार केवळ श्रद्धा नव्हे. लीळाचरित्राच्या परंपरेत एकाच प्रसंगाचे भिन्न पाठ, ते कोणी सांगितले याच्या नावानिशी, जपलेले आढळतात. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या १९७८ च्या आवृत्तीच्या वाचकाला ही बहुसाक्षिता परिचित आहे. थर्स्टन साक्षींतील मेळ दाखवून विश्वास मागतो. महानुभाव परंपरा साक्षींतील विसंगती नोंदवून तो मिळवते.

या भेदाचा मागोवा एका क्रियारूपातही घेता येतो. जुन्या मराठीत ‘म्हणे’ हे पूर्ण क्रियापद आहे; त्याला कर्ता असतो. आजच्या मराठीत वाक्याच्या शेवटी येणारा ‘म्हणे’ हा कर्ता गमावून केवळ ऐकीवपणाचा निदर्शक झाला आहे. अमरावती-अकोल्याकडील वऱ्हाडी बोलीत तो ‘म्हने’ असा उच्चारला जातो. ‘त्या विहिरीवर रात्री कोनी जात नाही म्हने’ या वाक्यात सांगणारा सत्याची जबाबदारी घेत नाही, पण विधानही मागे घेत नाही. कोण म्हणे, हे विचारायला जागाच उरत नाही. गावोगावच्या भयकथेचा व्याकरणिक पाया हाच होय. आणि कर्त्यांना क्रमाक्रमाने नाहीसे करणारी लव्हक्राफ्टची रचना त्याच पायावर उभी आहे, जरी तिच्या भाषेत असे निपात नाहीत.

आधुनिक मराठी भयकथेचे मूल्यमापनही या दृष्टीने व्हावयास हवे. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या समर्थकथांत अज्ञात शक्तीचे स्वरूप जाणणारा व तिचा बंदोबस्त करणारा पुरुष उपस्थित असतो. साहजिकच तेथे साक्षीवर शंका घेण्याची गरज मावळते. या कथा परिणामकारक आहेत, परंतु त्यांचे भय निराळ्या जातीचे आहे. निवेदक विश्वसनीय की अविश्वसनीय हा निवाडा त्याच्या स्वभावावरून करण्यापूर्वी अभ्यासकाने ‘म्हणे’चा कर्ता शोधावा. तो नावानिशी सापडत असेल, तर मतभेद असूनही कथन विश्वासार्ह ठरू शकते. तो सापडत नसेल, तर साऱ्या साक्षी जुळल्या तरी शंका उरते, आणि भयकथेचे सामर्थ्य त्या उरलेल्या शंकेतच असते.