शाल, श्रीफळ आणि निष्कर्ष

मंडळी, सत्कार कसा करावा हे कसबा पेठेला शिकवायला नको. शाल, श्रीफळ, मानपत्राचं वाचन, दोन शब्द, मग चहा. आज आम्हांला त्या मानपत्राबद्दलच थोडं परखड बोलायचं आहे. आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे विषाणूवर अधिकाराने बोलणं आमचं काम नव्हे. पण शब्द काय सांगतात आणि काय झाकतात, एवढं आम्ही तपासू शकतो.

उदाहरण आपल्या पुण्याचंच घेऊ. २०२० च्या पद्म पुरस्कारांत डॉ. रमण गंगाखेडकर यांना पद्मश्री मिळाली. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. पुढे लगेच कोरोना आला आणि आयसीएमआरच्या वतीने दूरदर्शनवर शांतपणे बोलणारे गृहस्थ म्हणून ते घराघरांत पोचले. सन्मान योग्यच होता, त्याबद्दल दुमत नाही.

आमची तक्रार आपल्या भाषेबद्दल आहे. अशा प्रसंगी आपण हमखास युद्धाचे शब्द काढतो: लढा, सेनानी, विजय. युद्धात शत्रू वेशीबाहेर असतो. आता गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९७ चा शोधनिबंध पाहा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो छापून आला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा हा अभ्यास. त्यांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यातही एचआयव्हीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. या स्त्रिया मुळात उपचारासाठी आलेल्या होत्या, म्हणून हा आकडा साऱ्या शहराला लावता येत नाही. पण निबंधाचा रोख स्वच्छ आहे: एका नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध नसलेल्या विवाहितेपर्यंत संसर्ग पोचला होता.

इथून बुधवार पेठ पायी दहा मिनिटांवर. रोग 'तिकडे' आहे, असं आपण सगळे धरून चाललो होतो. निबंधाने सांगितलं, तो उंबऱ्याच्या आत आहे आणि नवऱ्याच्या पावलांनी आला आहे.

त्या काळी आम्ही वर्गात नीतिशास्त्र शिकवत होतो. निष्ठा या मूल्यावर तासचे तास बोललो. निष्ठेने वागूनही एखाद्या बाईला तिची निष्ठा वाचवू शकत नाही, हे उदाहरण आमच्या वर्गात एकदाही आलं नाही. तो निबंध याच शहरातल्या बायकांबद्दल होता, आणि आम्ही तो फार उशिरा वाचला. आणि तो 'गुप्तरोग' शब्द तरी पाहा! रोग कसला गुप्त? गुप्त ठेवलेलं असतं ते पुरुषाचं वागणं. त्याची किंमत भरते ती बाई, आणि बोलही तिलाच लागतो.

कुणी म्हणेल, सत्कार हा कौतुकाचा प्रसंग, तिथे हे कशाला उकरून काढता? मुद्दा रास्त आहे. पण गवयाला दाद दिली की श्रोत्याचं काम संपतं. शास्त्रज्ञाच्या निष्कर्षाचं तसं नाही. तो खरा मानला तर आपल्याला वागणं बदलावं लागतं. माणसाला शाल घालायची आणि निष्कर्ष चहाबरोबर गिळून टाकायचा, याला आम्ही सन्मान म्हणणार नाही.

त्या ९१६ स्त्रियांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, आणि ती तशीच राहिली पाहिजेत. पण त्यांनी रक्त दिलं, अवघड प्रश्नांना उत्तरं दिली, म्हणून हे ज्ञान उभं राहिलं. मानपत्रात त्यांच्यासाठी एक ओळ बसायला हरकत नसावी.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी एखाद्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाला बोलावाल, तेव्हा आधी त्यांच्या कामातला एक निष्कर्ष सोप्या मराठीत मोठ्याने वाचा. सभागृहात चुळबुळ झाली तर होऊ द्या. शाल त्यानंतर घाला.