कोळ्याचा मासा कीं शौकिनाचा ?

अर्नेस्ट हेमिंग्वे ह्यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही छोटी कादंबरी १९५२ सालीं प्रसिद्ध झाली, आणि पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘एका कोळियाने’ ह्या अनुवादामुळें ती मराठी घरांतही पोहोंचली. तिला आणखी स्तुतीची गरज नाहीं. आम्हांस एकच प्रश्न विचारावयाचा आहे. म्हातारा सान्तियागो मार्लिन माशाकडे ज्या दृष्टीनें पाहतो, ती पोटासाठीं समुद्रावर जाणाऱ्या क्यूबांतील कोळ्याची, कीं हौसेखातर जाणाऱ्या ग्रंथकाराची ?

ही शंका निराधार नाहीं. हेमिंग्वे स्वतः पट्टीचे हौशी मच्छीमार. १९३४ पासून ‘पिलार’ नांवाच्या आपल्या यांत्रिक नौकेंतून ते गल्फ स्ट्रीमच्या प्रवाहांत मार्लिनच्या मागें हिंडत. ह्या खेळांत मासा जितका झुंजार तितका मोलाचा. मांसाची मातब्बरी नाहीं. अशा खेळाडूस प्रतिस्पर्ध्याविषयीं आदर वाटणें सोपें आहे. मासा सुटला तरी त्याची चूल विझत नाहीं. पण चौऱ्यांशी दिवस रिकाम्या हातीं परतलेल्या म्हाताऱ्यानें माशास भाऊ म्हणावें, त्याला खाण्याची कोणाची योग्यता नाहीं असें म्हणावें, हें वाचतांना तोंड कोळ्याचें नि बोल शौकिनाचे असें वाटतें. हीच हकीकत हेमिंग्वे ह्यांनीं १९३६ सालीं ‘एस्क्वायर’ मासिकांत थोडक्यांत दिली होती. तेथें म्हातारा होडींत रडत असलेला सांपडतो. कादंबरींत त्याचें रडणें गेलें आहे. तें कां गेलें, ह्याचा वाचकांनीं विचार करावा.

तरीही पुस्तक तरतें, तें एका हिशेबामुळें. मासा होडीस बांधल्यावर म्हातारा आकडे मांडतो : वजन पंधराशें पौंडांहून अधिक, साफ करून दोन-तृतीयांश, पौंडास तीस सेंट. गणित जुळेना, पेन्सिल हवी होती, असें त्याला वाटतें. शौकीन वजन विचारील, भाव विचारणार नाहीं. मुश्या लचके तोडूं लागतात तेव्हां आपण हा तीस सेंटांचा भाव विसरूं शकत नाहीं, आणि तेवढ्यापुरता सान्तियागो खराखुरा कोळी राहतो.

जातां जातां एक गोष्ट. गळ धरण्याच्या नि ओढण्याच्या तऱ्हेवरून म्हातारा ह्या माशाला नर ठरवितो. पण निळ्या मार्लिनचा नर साडेतीनशें पौंडांपलीकडे क्वचितच जातो. प्रचंड वाढतात त्या माद्या. १९९२ सालीं ब्राझीलजवळ काठीनें धरलेला विक्रमी मासा १४०२ पौंडांचा होता. तेव्हां पंधराशें पौंडांचा हा भाऊ वस्तुतः बहीण असावयास हवा !

शेवटीं धक्क्याजवळच्या उपाहारगृहांतील एक प्रवासी बाई पाण्यांत पडलेला तो लांब कणा पाहते. मुश्यांनीं काय केलें तें वाढपी मोडक्यातोडक्या इंग्रजींत सांगूं लागतो. ती समजते कीं हा सांगाडाच मुशीचा, आणि मुशीची शेपटी इतकी सुंदर असते ह्याचें नवल करते. हेमिंग्वे स्वतः तिच्यासारखेच क्यूबांत बाहेरून आलेले. त्यांनीं हें दृश्य एका शब्दाचीही टीका न करतां तसेंच ठेवलें आहे.