आपण पानिपत का सोडत नाही?

(श्रीगोंदा इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



इंग्लंडला जाऊन आलेला माणूस एक गोष्ट हमखास सांगतो. तिथे नोव्हेंबर महिना लागला, की टीव्हीवरचा बातम्या देणारा असो की दुकानातला गल्ल्यावरचा माणूस, ज्याच्या त्याच्या कोटावर लाल कागदी फूल दिसतं. अकरा तारखेला सकाळी अकरा वाजता देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. हे पहिल्या महायुद्धाचं. दुसऱ्याचं तर विचारूच नका. 'डॅड्स आर्मी' नावाची विनोदी मालिका १९६८ ते १९७७ अशी नऊ वर्षं चालली आणि लोक ती अजून बघतात. 'डंकर्क' आणि 'डार्केस्ट अवर' हे दोन मोठे चित्रपट एकाच वर्षी, २०१७ साली आले आणि दोन्ही १९४० सालाबद्दल. युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही, हा खरं तर व्यापाराचा आणि कायद्याचा प्रश्न. तिथेही १९४०. कोविड आला, तेव्हाही १९४०.

मेलेल्यांची आठवण ठेवण्यात गैर काहीच नाही. ती ठेवलीच पाहिजे. प्रश्न निराळा आहे. इतक्या सगळ्या इतिहासातून हीच आठवण का? याच देशाने दोनशे वर्षं जगाचा केवढा तरी भाग ताब्यात ठेवला. त्यासाठी सबंध देश कधी दोन मिनिटं उभा राहत नाही. अभिमानानेही नाही आणि लाजेनेही नाही.

याचं उत्तर मला असं दिसतं. १९४०च्या गोष्टीत इंग्रज माणूस एकाच वेळी तीन गोष्टी असतो. तो एकटा असतो, तो अन्याय सोसणारा असतो आणि शेवटी तो जिंकतो. अशी गोष्ट कुणाला आवडणार नाही? पण 'एकटा' या शब्दाजवळ जरा थांबा. त्या युद्धाच्या अखेरीला हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती, तीही सक्तीच्या भरतीवाचून आलेली. डंकर्कच्या किनाऱ्यावरही हिंदी सैन्याच्या खेचरांच्या तुकड्या होत्या. नोलनच्या चित्रपटात त्या दिसत नाहीत आणि त्यावर त्या वेळी टीकाही झाली. युद्ध चालू असतानाच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली. ती 'एकटा'मध्ये कुठे बसवायची? बसत नाहीत. म्हणून ती बाहेर राहतात.

तेव्हा माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. जी लढाई एखादा समाज पुन्हा पुन्हा सांगतो, ती सांगताना तो बहुतेक वेळा दुसरा एखादा प्रश्न टाळत असतो.

इथवर सगळ्यांना पटलं असेल, कारण इंग्रजांवर टीका करणं आपल्याला सोपं जातं. आता हेच वाक्य स्वतःला लावून बघू. आपलं १९४० कोणतं?

आपलं पानिपत.

१४ जानेवारी १७६१. त्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली. आपल्या भाषेत मात्र ती लढाई अजून चालूच आहे. निवडणुकीत पक्ष आपटला, की 'पानिपत झालं'. क्रिकेटचा संघ हरला, की 'पानिपत झालं'. कुणी शब्द फिरवला, की 'विश्वास पानिपतात गेला'. बोलणाऱ्याला त्या वाक्यामागचे विश्वासराव आठवतातच असं नाही. इतिहास इतका मुरलेला दुसरा शब्द मराठीत मला तरी दिसत नाही.

आणि हे दुःख खोटं नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. श्रीगोंद्यात तर सांगायलाच हवं, कारण हे शिंद्यांचं गाव. राणोजी शिंद्यांच्या घरातून काय काय गेलं, बघा. जयाप्पा १७५५ साली नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. तुकोजी पानिपतात गेले. जयाप्पांचा मुलगा जनकोजी, अगदी तरुण, पकडून मारला गेला. राणोजींच्या मुलांपैकी महादजी तेवढे उरले, तेही पायाला जन्माची जखम घेऊन. राणेखान नावाच्या पखालवाल्याने त्यांना वाचवून दक्षिणेत आणलं, आणि महादजींनी पुढे त्याला भाऊ मानलं. एका घराची ही कथा. अशी घरं महाराष्ट्रात किती होती, त्याची मोजदाद नाही.

शोक इतका मोठा होता, की लोकांना मरण मान्य होईना. सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत असं म्हणत एक तोतया उभा राहिला, तर हजारो लोक त्याच्यामागे गेले. पुणे दरबाराला त्याच्यावर फौजा धाडाव्या लागल्या. १७७६ साली, म्हणजे लढाईनंतर पंधरा वर्षांनी, त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. माणसं फसली, कारण त्यांना फसायचं होतं. मेलेला माणूस परत यावा असं वाटणाऱ्यांना तोतया लागतोच.

इथवरचा शोक मला समजतो. त्यापुढचं मात्र तपासायला हवं.

पानिपतानंतर काय झालं? सर्वसाधारण मराठी माणसाला विचारा. 'नानासाहेब पेशवे खचून गेले, आणि मराठेशाही बुडाली.' यातलं पहिलं खरं. दुसरं खोटं. फेब्रुवारी १७७१मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. जानेवारी १७७२मध्ये त्यांनी बादशहा शाह आलमला तख्तावर आणून बसवलं. दहा वर्षं, फक्त दहा. जानेवारी १७७९मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. १७८२ साली सालबाईचा तह झाला, त्यात पेशवे आणि इंग्रज यांच्यामध्ये महादजी जामीन राहिले. १७८४ साली दिल्लीच्या बादशाहीचा कारभार त्यांच्या हाती आला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी ते पुण्याजवळ वानवडीला वारले, तेव्हा त्या लंगड्या पायाचा माणूस हिंदुस्थानातल्या सर्वांत बलाढ्य पुरुषांपैकी एक होता.

म्हणजे हरल्यानंतर उभं राहण्याची एवढी मोठी गोष्ट आपल्याकडे आहे, आणि आपल्या बोलण्यात तिच्यासाठी शब्द नाही. 'पानिपत होणं' आहे. 'महादजी होणं' नाही.

साहित्याने हे सगळं नजरेआड केलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. रणजित देसाईंची 'स्वामी' ही पानिपतानंतर राज्य सावरणाऱ्या थोरल्या माधवरावांचीच कादंबरी. पण वाचकांनी तिच्यातून काय उचललं? रमा-माधव. क्षय, विरह, सती. हिशेब तपासणारा, सावकारांचं कर्ज डोक्यावर घेऊन झोप उडालेला माधवराव त्याच पुस्तकात आहे, पण गाजला तो दुसरा. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ साली आली. तिचं मोठेपण असं, की तिने रणांगणाइतकीच उपासमार दाखवली. दाणा नाही, वैरण नाही, रसद तुटलेली, बरोबर बायकामुलं आणि यात्रेकरू. पराभवाला कारणं असतात, हे तिने घराघरांत पोचवलं. त्र्यं. शं. शेजवलकरांनी तर ते त्याआधी अभ्यासाने मांडलं होतं. तरी आपण उचललं काय? विश्वासरावांना गोळी लागली आणि भाऊ हत्तीवरून उतरले, तो एक क्षण. नशिबाचा क्षण. तो क्षण नसता, तर...

या 'तर'मध्ये आपण अडकलो आहोत. आणि इथे मी मघाचं वाक्य परत आणतो. पानिपत सांगताना आपण कोणता प्रश्न टाळतो?

इथून तास-दीड तासावर नगरचा भुईकोट किल्ला आहे. तो कशासाठी माहीत आहे? चांदबिबीसाठी. आणि १९४२ ते १९४५ नेहरू तिथे कैदेत होते, त्यासाठी. मधली एक तारीख कुणाच्या तोंडी नाही. १२ ऑगस्ट १८०३. त्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या ताब्यातला हा किल्ला आर्थर वेलस्लीने घेतला. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. आधी त्याने पेठेची भिंत चढून पेठ घेतली. ते बघून गोखले नावाच्या मराठा सरदाराने लिहिलेलं प्रसिद्ध आहे, की हे इंग्रज अजब लोक, सकाळी आले, भिंत ओलांडली, आतली शिबंदी मारली आणि न्याहारीला परत गेले. यातली खरी गोष्ट ऐका. गोखले हे बघत होते वेलस्लीच्या छावणीतून. म्हणजे मराठे दोन्हीकडे होते.

पुढचे साडेचार महिने भराभर सांगतो. सप्टेंबरात अलीगड गेलं, दिल्ली गेली. २३ सप्टेंबरला असई. नोव्हेंबरात लासवारी आणि आडगाव. १५ डिसेंबरला गाविलगड. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. महादजींनी हयातभर उभं केलेलं सगळं एका पावसाळ्यात आणि एका हिवाळ्यात गेलं. मराठ्यांची सत्ता मोडली ती खरी इथे.

मग असईचा वाक्प्रचार का नाही? 'असई झाली' असं कुणी का म्हणत नाही?

कारण १८०३मध्ये नशिबावर ढकलायला काही सापडत नाही. शिपाई शूर होते. असईला आपले गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांपाशीच मेले. मग हरलो कसे? त्याचं उत्तर रणांगणाच्या बाहेर, आधीच्या नऊ वर्षांत आहे. महादजी गेले, तेव्हा दौलतराव कोवळ्या वयाचे पोर. सैन्याचे पगार थकलेले. ते भागवायला १७९८ साली सर्जेराव घाटग्याने पुण्याचीच लूट मांडली. महादजींच्या पत्नी आणि दौलतराव यांच्यात युद्ध. शिंदे आणि होळकर यांच्यात युद्ध, २५ ऑक्टोबर १८०२ला थेट हडपसरला. बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांची फौज सही करून घरात घेतली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे अधिकारी युरोपीय. ऐन युद्धात त्यांच्यातले कित्येक सोडून गेले, आणि सरसेनापती पेराँ तर इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

थकलेले पगार, वारसाची भांडणं, भाड्याची अक्कल, आणि घरच्याला हरवण्यासाठी बाहेरच्याला बोलावणं. यावर पोवाडा रचता येत नाही. यावर फक्त विचार करता येतो. म्हणून आपण परत पानिपताकडे वळतो. तिथे शत्रू परका होता, थंडी होती, भूक होती, गोळी लागली होती. तिथे आपण शूर आणि दुर्दैवी दोन्ही असतो. इंग्रज १९४०मध्ये जे शोधतो, तेच आपण १७६१मध्ये शोधतो. तो विजयात शोधतो, आपण पराभवात. दोघांनाही हवा असतो तो निर्दोषपणा.

फ्रान्सच्या रेनाँने १८८२च्या व्याख्यानात सांगून ठेवलं आहे, की राष्ट्र घडायला आठवण लागते तसं विस्मरणही लागतं, आणि एकत्र भोगलेलं दुःख आनंदापेक्षा माणसांना जास्त बांधतं. खरं आहे. पण त्याच्या आठ वर्षं आधी नीत्शेने इतिहासाचे तीन उपयोग सांगितले होते. एक पुतळे उभारणारा, एक जपून ठेवणारा आणि एक न्यायनिवाडा करणारा. पहिले दोन आपल्याकडे मुबलक. तिसऱ्याची मात्र वानवा आहे.

आता कुणी म्हणेल, सर, जुन्या लढायांचं एवढं काय? सांगतो. आजही आपल्याकडे एखादी पतपेढी बुडते, एखादी सहकारी संस्था मोडते, एखादं चांगलं कॉलेज रसातळाला जातं. लगेच आपण म्हणतो, 'पानिपत झालं.' या शब्दाने काय होतं? वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट एका दिवसाची होते. कारणांच्या जागी नशीब येतं. कुणालाच जाब द्यावा लागत नाही, आणि वर थोडा शूरपणाही पदरात पडतो. संस्था पानिपतासारख्या मरत नाहीत, मंडळी. त्या १८०३सारख्या मरतात. पगार थकतात, वारस भांडतात, माहितगार माणसं निघून जातात आणि एक दिवस कुणीतरी येऊन न्याहारीच्या आत ताबा घेतो. शब्द चुकला, की निदान चुकतं. निदान चुकलं, की औषध चुकतं.

आणखी एक. आपल्या आठवणीचा सगळा साठा एका लढाईला दिला, की बाकीची माणसं उपाशी राहतात. पानिपतातून जीव घेऊन आलेल्यांना सूरजमल जाटाने आसरा दिला, अन्नवस्त्र दिलं. २०१९च्या 'पानिपत' चित्रपटातल्या त्याच्या चित्रणावरून राजस्थानात लोक रस्त्यावर उतरले. त्या चित्रणाचा वाद बाजूला ठेवा. त्याचे उपकार आपल्या घरगुती पानिपतात कितीसे आहेत? आणि इंग्रजांच्या महायुद्धात आपली माणसं दिसत नाहीत अशी तक्रार मघाशी केली. ती आपल्या आठवणीत तरी आहेत का? आपल्याच जिल्ह्यातल्या निमजच्या, संगमनेर तालुक्यातल्या नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५च्या इटलीतल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोळीबारात जखमी सोबत्यांना पाठीवर घालून नदीपार आणणारा तेवीस वर्षांचा शिपाई तो. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत, इथून इतके जण महायुद्धात गेले आणि इतके परत आले नाहीत, असं कोरलेले दगड आहेत. कुठे त्यांच्यावर जाहिरातीचा कागद चिकटवलेला असतो, कुठे पोरं त्यावर बसलेली असतात.

पानिपत विसरा, असं मी म्हणत नाही. दर १४ जानेवारीला काला आंबला लोक जमतात, जरूर जमावं. मी म्हणतो ते एवढंच, की त्या तारखेच्या शेजारी १२ ऑगस्ट ही तारीख लिहा. पोरांना पानिपत शिकवलंत, की त्याच तासाला विचारा, 'मग दहा वर्षांत परत दिल्लीला कसे पोचलो? आणि तिथून बत्तीस वर्षांत सगळं गेलं कसं?' या दोन प्रश्नांत राज्यशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, आणि थोडीफार नीतीही आहे.

याच श्रीगोंद्यात शेख महंमदबाबांची समाधी आहे. त्यांच्या ग्रंथाचं नाव 'योगसंग्राम'. सगळ्यात अवघड लढाई स्वतःशी असते, हे या गावाला शिंद्यांच्याही आधीपासून ठाऊक आहे. समाजालाही ती लढाई असते. तिच्यात तोफा लागत नाहीत. स्वतःला अडचणीत आणणारा प्रश्न विचारायची तयारी लागते.

प्रश्न असतील, तर आता विचारा. अडचणीचे आधी.