‘कोर्ट’मधील काळ : खटल्याविना कैद या प्रश्नाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या व्यक्तीस खटल्याविना किती काळ डांबून ठेवावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘राष्ट्रीय सुरक्षा विरुद्ध नागरी स्वातंत्र्य’ अशा मथळ्याखाली होते. तराजूची दोन पारडी कल्पिली जातात आणि लेखक आपल्या प्रकृतीनुसार त्यांपैकी एकात वजन टाकून मोकळा होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे एका मराठी कलाकृतीच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याच्या शैलीविषयी, स्थिर कॅमेऱ्याविषयी आणि नवख्या नटांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मते या चित्रपटाचा खरा विषय काळ हा आहे. आरोपीचा काळ आणि न्यायसंस्थेचा काळ यांतील विषमता. ती त्याने अचूक टिपली आहे. मात्र एका ठिकाणी तो सोपी वाट धरतो. ती सोपी वाट कोणती, हे कळण्यासाठी मराठवाड्याला परिचित असलेला औरंगाबाद शस्त्रसाठा खटला त्याच्या शेजारी ठेवून पाहणे आवश्यक वाटते.

चित्रपटातील काळ

कथानक थोडक्यात असे. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर. गटारसफाई करणाऱ्या वासुदेव पवार या कामगाराचा मृत्यू होतो आणि कांबळे यांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिरांना अटक होते. ही भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली कोरोनाने त्यांचे निधन झाले. खटला जसजसा पुढे सरकतो तसतसा आरोप विरत जातो. कामगार सुरक्षासाधनांविना विषारी वायूत उतरत होता, हे त्याच्या पत्नीच्या साक्षीतून उघड होते. पोलिसांचा साक्षीदार अनेक प्रकरणांत साक्ष देणारा सराईत निघतो. प्रकृतीच्या कारणास्तव कांबळे यांना जामीन मिळतो. येथे एखादा सामान्य चित्रपट संपला असता. ‘कोर्ट’मध्ये मात्र शाहिरांना पुन्हा अटक होते, आणि या वेळी कायदा असतो बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, अर्थात यूएपीए.

या दुसऱ्या अटकेनंतर चित्रपटात वाद जवळजवळ उरतच नाही. पहिल्या प्रकरणात निदान साक्षीदार होते, उलटतपासणी होती, हास्यास्पद का होईना पण पुरावा होता. दुसऱ्या प्रकरणात केवळ कलमांची नावे येतात, जामीन नाकारला जातो आणि न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. दालनातील दिवे एकेक करून मालवतात आणि पडदा काही क्षण अंधारा राहतो. त्यानंतर न्यायाधीश सदावर्ते कुटुंबीयांसमवेत सहलीला गेलेले दिसतात, आणि चित्रपट तेथे संपतो. ही अखेर अनेक प्रेक्षकांना अनाकलनीय वाटली. वस्तुतः दिग्दर्शकाला जे सांगायचे आहे ते त्या सहलीतच आहे. न्यायाधीशांची सुट्टी आणि आरोपीचा तुरुंगवास हे एकाच महिन्याचे दोन अर्थ आहेत, आणि त्यांपैकी एकच आपल्याला दाखविला जातो. संपूर्ण चित्रपटात तुरुंगाचा अंतर्भाग फारसा दिसत नाही, हा दिग्दर्शकाचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा.

येथे कोणीही खलनायक नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. सरकारी वकील नूतन लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, मुलांचे पाहते. न्यायाधीश नियमांचे पालन करणारे गृहस्थ आहेत. इतके की बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या महिलेचे प्रकरण ते पुढे ढकलतात. दडपशाही म्हटली की क्रूर अधिकारी रंगविण्याची आपल्या रंगभूमीला सवय आहे. ती सवय येथे कटाक्षाने टाळली असून, माणसाला वर्षानुवर्षे डांबून ठेवण्यासाठी क्रौर्याची गरज नसते, पुढची तारीख पुरेशी असते, हे दाखविले आहे.

स्थानबद्धता आणि कोठडी

चित्रपटाने दाखविलेली ही गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडली तर एक विलक्षण विसंगती समोर येते. ‘खटल्याविना कैद’ म्हटले की आपल्याला प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आठवते. १९७१ चा मिसा, आणीबाणी, आणि एप्रिल १९७६ मधील सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल, ज्यात केवळ न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी भिन्नमत नोंदविले. स्थानबद्धतेची तरतूद मूळ संविधानातच आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या स्वरूपात ती मांडली, त्यामागे जीवित व स्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून ‘योग्य प्रक्रिया’ हे शब्द गळल्याची अंशतः भरपाई करण्याचा हेतू होता. ज्या १९५० साली त्यांनी या शहरात महाविद्यालय सुरू केले, त्याच वर्षी फेब्रुवारीत संसदेने स्थानबद्धतेचा पहिला कायदा केला. हा योगायोग खरा. तथापि नागसेनवनाच्या परिसरात नागरिकशास्त्र शिकविणाऱ्यांनी तो विद्यार्थ्यांना सांगावा असा आहे.

अनुच्छेद २२ नुसार स्थानबद्ध व्यक्तीस कारणे कळवावी लागतात, निवेदनाची संधी द्यावी लागते, आणि तीन महिन्यांपलीकडे कैद लांबवायची तर सल्लागार मंडळाचे मत घ्यावे लागते. राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८० अन्वये कमाल मुदत बारा महिने आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९८१ च्या कायद्यातही, ज्याला वृत्तपत्रे ‘एमपीडीए’ म्हणतात, मुदत तेवढीच आहे. या कायद्याखालील आदेश औरंगाबाद खंडपीठापुढे वारंवार येतात आणि कारणे त्रोटक असल्यास ते रद्दही होतात.

याउलट यूएपीए किंवा मोक्का यांखालील आरोपी हा कायद्याच्या दृष्टीने स्थानबद्ध नव्हेच. तो खटल्याची वाट पाहणारा न्यायाधीन बंदी, म्हणजे व्यवहारातील ‘कच्चा कैदी’. त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्र दाखल करण्यास सामान्य कायद्यातील ६० वा ९० दिवसांऐवजी १८० दिवस मिळू शकतात. आरोप प्रथमदर्शनी खरा मानण्यास वाजवी कारण दिसले, तर यूएपीएखाली जामीन नाही. पुरावा जामिनाच्या टप्प्यावर तोलायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील वटाली प्रकरणात सांगितले. त्यापुढे मात्र कायद्याने कोणतीही अंतिम तारीख सांगितलेली नाही. म्हणजे ज्याच्यावर खटलाच भरायचा नाही त्याची कैद बारा महिन्यांत संपते, आणि ज्याला खटल्याचे आश्वासन आहे त्याच्या कैदेला शेवट नाही. ब्रिटनमध्ये दहशतवादाच्या संशयिताला आरोप न ठेवता ठेवण्याची मुदत २००६ साली २८ दिवसांवर गेली, २००८ मध्ये ती ४२ करण्याचा प्रस्ताव उमराव सभागृहात फेटाळला गेला आणि पुढे ती १४ दिवसांवर आली. तेथील संसद दिवसांवर भांडत होती. आपला वाद वर्षांचा आहे.

एल्गार परिषद प्रकरणात २०१८ पासून अटका झाल्या. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीतच वारले, तेव्हा खटला सुरूही झाला नव्हता. जून २०१८ मध्ये अटक झालेल्या सुधीर ढवळे यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये. न्यायालयांनी हा पेच ओळखला नाही असे नाही. २०२१ मधील नजीब प्रकरणात, खटला वाजवी वेळेत संपणे अशक्य दिसत असेल तर संवैधानिक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे ठरले. परंतु हा उपाय आरोपीने अनेक वर्षे आत काढल्यानंतरच उपलब्ध होतो.

औरंगाबाद शस्त्रसाठा खटला

आता चित्रपटाच्या मर्यादेकडे वळू. नारायण कांबळे निर्दोष आहेत, हे प्रेक्षकाला पहिल्या दृश्यापासून ठाऊक असते. गाण्याने कोणी मरत नाही. त्यामुळे त्यांच्या बाजूने उभे राहण्यास प्रेक्षकाला काहीच द्यावे लागत नाही. तत्त्वाची कसोटी मात्र तेथे लागते जेथे आरोप हास्यास्पद नसतो.

मे २००६ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने चांदवड–मनमाड रस्त्यावर वाहनांचा पाठलाग करून शस्त्रे जप्त केली. पुढील तपासासह ४३ किलो आरडीएक्स, १६ एके-४७ रायफली आणि हजारो काडतुसे हाती लागल्याचे सांगण्यात आले. हा साठा काल्पनिक नव्हता. २००२ च्या गुजरात दंगलींचा सूड म्हणून कट रचल्याचे विशेष न्यायालयाने मान्य केले. निकाल लागला २८ जुलै २०१६ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. १२ जण दोषी ठरले, ८ जण निर्दोष सुटले, आणि ज्या मोक्कामुळे कोठडी लांबली व जामीन दुर्घट झाला त्या कायद्याचे आरोप न्यायालयाने वगळले. दोषींपैकी सात जणांना जन्मठेप झाली, दोघांना १४ वर्षे, तिघांना ८ वर्षे.

या आकड्यांवर क्षणभर थांबावे. २००६ पासून कोठडीत असणाऱ्याला २०१६ मध्ये ८ वर्षांची शिक्षा झाली, तर निकाल वाचला जाण्यापूर्वीच ती भोगून झालेली असते, आणि वरची दोन वर्षे कोणत्याच हिशेबात बसत नाहीत. निर्दोष ठरलेल्याचा प्रत्येक दिवसच हिशेबाबाहेरचा. एकाच खटल्यात, एकाच कोठडीत, जन्मठेपेला पात्र असलेला आणि घरी पाठविण्यास पात्र असलेला माणूस एकाच नियमाने आत होता. दोघांना वेगळे करणे हेच तर खटल्याचे काम असते, आणि त्या कामास दहा वर्षे लागली.

राज्यसंस्थेची बाजूही याच प्रकरणात सर्वांत प्रबळपणे दिसते. बीड जिल्ह्यातील अबू जुंदाल हा २००६ मध्ये निसटला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हल्लेखोरांना पाकिस्तानातून सूचना देणाऱ्यांत तो होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. त्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. सुटलेला एक माणूस काय करू शकतो, असा प्रश्न पोलीस अधिकारी विचारतात तेव्हा तो केवळ भीती दाखविण्यासाठी नसतो, आणि नागरी स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे आहे. जामिनाचा निर्णय घेणाऱ्या न्यायाधीशाच्या मनात तो असणारच.

पण त्याच हल्ल्याने दिलेले उत्तरही विसरता येत नाही. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला वकील मिळाला, त्याच्यावर विशेष न्यायालयात खटला चालला आणि मे २०१० मध्ये, अटकेनंतर सुमारे दीड वर्षात, तो दोषी ठरला. अत्यंत संवेदनशील, शेकडो साक्षीदारांचा खटला राज्यसंस्थेने मनावर घेतल्यास दीड वर्षात निकाली निघतो. मग इतरत्र लागणारा काळ हा सुरक्षेची गरज नसून प्राधान्याचा प्रश्न ठरतो. कैदेला मुदत नसेल तर खटला लवकर संपविण्याची निकडही अभियोग पक्षाला उरत नाही. आरोपी आतच आहे, घाई कशाची? आमच्या मते अशा कायद्यांतील खरी उणीव ही आहे. जामिनाच्या अटी कठोर ठेवायच्या असतील तर खटला पूर्ण करण्याची मुदत राज्यसंस्थेवर तितक्याच कठोरपणे बांधली जावी आणि ती उलटल्यास जामीन हा आरोपीचा हक्क व्हावा. दोषारोपपत्राबाबत हे तत्त्व कायद्याने आधीच स्वीकारलेले आहे.

दीर्घ कोठडीने सुरक्षाही साधतेच असे नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बाँबस्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. २०१५ साली १२ जणांना दोषी ठरविण्यात आले, पैकी पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची शिक्षा रद्द केली. पोलिसांपुढील कबुलीजबाब, जे मोक्काखाली पुरावा ठरतात, ते न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला अन्य प्रकरणांत दाखला मानू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविले नाही. उच्च न्यायालयाचा निष्कर्ष कायम राहिला, तर मृतांच्या कुटुंबीयांपुढे एकोणीस वर्षांनंतर पुन्हा पहिलाच प्रश्न उभा राहतो : हे कोणी केले?

‘कोर्ट’ निकालाआधीच संपतो. त्यामुळे निर्दोष सुटलेल्या माणसाला राज्यसंस्था काय देणे लागते, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. या प्रश्नावर विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपला २७७वा अहवाल सादर केला आणि चुकीच्या अभियोगाबद्दल भरपाईचा वैधानिक हक्क असावा, अशी शिफारस केली. औरंगाबाद शस्त्रसाठा खटल्यातील आठ जण त्याच्या दोन वर्षे आधीच घरी गेले होते. तसा कायदा अद्याप झालेला नाही.