भिंत आणि आराखडा

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या वारली पाड्यांवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. आराखडा लागत नाही. देवीचा अर्थ पोराटोरांनाही ठाऊक.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र होमी भाभांनी आधी अनेक चित्रकारांकडून आराखडे मागवले आणि मकबूल फिदा हुसेन यांचा निवडला. ‘भारत भाग्यविधाता’ 9 फूट उंच, 45 फूट लांब. साऱ्या देशाचे रूपक असे कागदावर जुळवावेच लागते. म्हणून मागे पडलेले आराखडेही आम्हाला मोलाचे वाटतात. इतरांना हाच देश कसा दिसला, ते त्यांतच कळते.

पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनसाहेबांनी 2006 साली देश सोडला. 2011 साली ते लंडनमध्ये वारले. भिंत इथेच आहे, पण नेव्हीनगरच्या पहाऱ्याआड. सापगावहून आसनगावला येऊन लोकल धरणाऱ्याला ती सहज दिसत नाही.