मालिकेतील मालिका: कल्पिताची जबाबदारी

डीन पॅरिसॉट दिग्दर्शित ‘गॅलक्सी क्वेस्ट’ (१९९९) या चित्रपटाच्या विश्वात त्याच नावाची, बंद पडलेली एक विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिका आहे. कल्पित ही संकल्पनाच ठाऊक नसलेले परग्रहवासी थर्मियन तिला ऐतिहासिक दस्तऐवज मानतात, पडद्यावरचे खोटे अंतराळयान प्रत्यक्षात उभारतात आणि संकटकाळी त्याच नटांना पाचारण करतात.

बारामती-इंदापूरकडील गावजत्रेत वग पाहणारा प्रेक्षक थर्मियन नव्हे. राजा हे सोंग आहे हे तो जाणतो, म्हणूनच सोंगाड्याने राजाची टर उडवली की हसतो. कल्पित तेथे नट आणि प्रेक्षक यांच्या संमतीवर उभे असते. थर्मियनांच्या बाबतीत ही संमतीच नाही. त्यामुळे कल्पिताचा सारा नैतिक भार नटांवर पडतो. आपण खोटे होतो, हे नायकाला कबूल करावे लागते आणि त्यानंतरच भूमिकेचे शौर्य प्रत्यक्षात आणावे लागते.

१९६७ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये नेमके उलट घडते. अण्वस्त्रांवरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर चालवायचा अभिरूप खटला बाजूला राहतो आणि खेळाच्या आडोशाने बेणारेबाईंचा खराखुरा छळ होतो. ‘हा तर खेळ’ ही सबबच क्रौर्याला अभय देते.

कल्पित आणि वास्तव यांतील भेद जाणणे ही प्रगल्भता खरी; परंतु तो भेद जबाबदारी टाळण्यासाठी तर वापरला जात नाही ना, हा प्रश्न या दोन्ही कलाकृतींतील अंतर्गत खेळ उपस्थित करतो.