शेअर कुणाच्या नावावर?

गडमुडशिंगीत येऊन सहकार शिकवायचा म्हणजे गुऱ्हाळात जाऊन गुळाची चव सांगायची. तुमच्यातले बरेच जण कारखान्याचे, दूध संस्थेचे सभासद असणार. तरी विचारतो, शेअर कुणाच्या नावावर असतो?

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेचा कारखाना उभा केला. साखरेतला नफा खासगी मालकाकडनं शेतकऱ्याकडं आला, हे काम मोठंच. पण सभासदत्व उसाला बांधलं गेलं आणि ऊस म्हणजे जमीन न् पाणी. बीडहून येणारी कोयत्याची जोडी मुकादमाची उचल फेडत राहिली. वार्षिक सभेत तिला जागा नाही.

बाबा आढावांनी दुसऱ्या टोकाकडनं सुरुवात केली. पुण्यात हमाल पंचायत, तिचं 'कष्टाची भाकर', १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि तिच्यातनं पुढं 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था. इथं राबणारी बाईच सभासद. जमीन नसलेल्याचीही संस्था उभी राहते, हे दिसलं.

पण ती मालक कशाची? घरामागं मिळणारे महिन्याचे पैसे आणि भंगार, हे उत्पन्न झालं, संपत्ती नव्हे. कारखान्याकडं यंत्रं आहेत, गोदामं आहेत. 'स्वच्छ'चं काम महापालिकेच्या करारावर चालतं, आणि त्या करारासाठी बायकांना रस्त्यावर उतरावं लागलंय.

म्हणून आढावांचं काम अपुरं म्हणायचं का? मी नाही म्हणणार. भांडवल आपल्याकडं पडून आहे. येत्या सभेत तोडणी मजुराला शेअर देता येईल का, एवढं विचारा. उपविधी आडवा येतो म्हणतील. मग उपविधी दुरुस्तीचा विषय कधी घेता, तेही विचारा.